भगिनी निवेदिता : एक पुण्यस्मरण

ज्ञातीतील थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे वार्षिक स्मरणिकेच्या द्वारे नव्या पिढीपुढे ठेवावीत, हा आपल्या मंडळाचा जुना प्रघात आहे व तो स्तुत्यही आहे. आपल्या पूर्वजांनी काय केले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपण काय करावे हेही सहसा सुचत नाही. तथापि यंदा आम्ही ज्या व्यक्तीचे पुण्यस्मरण करण्याचे योजिले आहे, ती आपल्या ज्ञातीतील नव्हे, महाराष्ट्रातील नव्हे, जन्माने या देशातीलही नव्हे. आयर्लंडात जन्मलेली, इंग्लंडात शिक्षिका झालेली आणि वयाची ४४ वर्षे पुरी होण्यापूर्वीच मायभूमीपासून हजारो मैल दूर, हिमालयाच्या कुशीत देह ठेवणारी ही स्त्री म्हणजे भगिनी निवेदिता होय. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आम्ही शेवटी देऊ. आधी चरित्र सांगू.

निवेदितांचे मूळचे नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. आयर्लंडच्या उत्तर भागातील टायरोन परगण्यात डंगॅनन नावाचे गाव आहे, तेथे २८ ऑक्टोबर १८६७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सॅम्युअल नोबल हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आजोबाही धर्मोपदेशकच, तर आईच्या वडिलांचा आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या चळवळीशी संबंध होता. म्हणजे एका बाजूने धर्मनिष्ठा व दुसऱ्या बाजूने देशनिष्ठा असा दुहेरी वारसा या मुलीला जन्मतःच लाभला. वडील गोरगरिबांच्या सेवेत झिजून अवघ्या ३४ व्या वर्षी निवर्तले. तेव्हा मार्गारेट १० वर्षांची होती. पाठीवर लहान बहीण व भाऊ. विधवा आई मुलांना घेऊन माहेरी आली. पुढे दोघी बहिणींना इंग्लंडातील हॅलिफॅक्स येथील शाळेत ठेवण्यात आले. तेथील शिस्त कडक होती, परंतु अभ्यास उत्तम होता. पोरकेपण व परगृहवास यांची चव ज्याने बालपणी घेतली आहे, त्याला पुढे दुसऱ्याच्या पोरकेपणाची जाणीव लवकर होते. निवेदितांच्या पुढील आयुष्यात हे पदोपदी दिसते.

वयाच्या १७ व्या वर्षी, म्हणजे १८८४ साली, मार्गारेट केस्विक येथील एका शाळेत शिक्षिका झाली. घरची स्थिती बेताची असल्याने मिळवणे भागच होते, परंतु केवळ पोटासाठी पत्करलेला हा व्यवसाय नव्हता. त्यानंतर रग्बी येथे अनाथ मुलींना तिने शिकविले. वेल्समधील रेक्सहॅम या खाणींच्या गावी शिकवीत असताना खाणकामगारांच्या हलाखीवर तिने वृत्तपत्रांतून लेख लिहिले. शिकविणे व लिहिणे हे तिचे दोन्ही गुण येथेच एकत्र आले व अखेरपर्यंत ते वेगळे झाले नाहीत. तेथेच एका तरुण वेल्श अभियंत्याशी तिचा विवाह व्हावयाचा होता, परंतु अल्पशा आजाराने तो तरुण वारला. या दुःखाचा गाजावाजा तिने केला नाही. ती आपल्या कामात अधिकच बुडून गेली.

त्या काळी युरोपात पेस्टालॉत्सी व फ्रोबेल या शिक्षणवेत्त्यांच्या विचारांचा प्रसार होत होता. मुलाला कोंबून भरावयाचे पोते न समजता उगवणारे रोप समजावे, त्याच्या हातांना, डोळ्यांना व खेळाला शिक्षणात स्थान द्यावे, हे त्यांचे सूत्र. मार्गारेटने या पद्धतीचा कसून अभ्यास केला आणि लंडनजवळ विंबल्डन येथे स्वतःची शाळा काढली. वयाची तिशी गाठण्यापूर्वीच तिचे नाव लंडनच्या सुशिक्षित वर्तुळात आदराने घेतले जाऊ लागले. आमच्यासारख्या शिक्षकी पेशात जन्म घालविलेल्यांना येथे एक गोष्ट विशेष वाटते. भारताने निवेदितांना शिक्षिका बनविले नाही. पूर्ण तयार झालेली, स्वतःच्या देशात यशस्वी ठरलेली शिक्षिका भारताला मिळाली. अपयशाने कंटाळून त्या इकडे आल्या नाहीत; चालत्या शाळेचे दार स्वतःच्या हाताने ओढून घेऊन आल्या.

१८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनमधील एका सरदार घराण्यातील बाईंच्या दिवाणखान्यात स्वामी विवेकानंदांचे प्रवचन झाले. श्रोत्यांत मार्गारेट होती. लहानपणापासूनचा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया तोवर तिच्या मनात डळमळला होता. प्रथम ऐकताना यात नवीन काही नाही असेच तिला वाटले. परंतु घरी गेल्यावर विचार पाठ सोडीनात. ती पुन्हा पुन्हा ऐकावयास गेली, वाद घातला, शंका काढल्या. आणि शेवटी तिने स्वामींना गुरू मानले. भारतातील स्त्रियांच्या शिक्षणासाठी स्वामींना एक समर्थ शिक्षिका हवी होती. तथापि त्यांनी तिला मोहात पाडले नाही. १८९७ च्या पत्रात त्यांनी येथील उष्णता, दारिद्र्य, सोवळेओवळे व अज्ञान यांचे उघडेनागडे चित्र तिच्यापुढे ठेवले. येथले लोक तुला अस्पृश्य मानतील व तुझे गोरे लोक तुला वेडी ठरवतील, असा इशारा दिला. सगळे ऐकूनही मार्गारेट निघाली. २८ जानेवारी १८९८ रोजी तिचे जहाज कलकत्त्यास लागले. तिला उतरवून घेण्यास स्वामी स्वतः आले होते.

आता या चरित्रातील एका अशा प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे, विशेषतः भगिनीवर्गाचे लक्ष वेधू इच्छितो, ज्याच्याकडे घाईने पाहून चालणार नाही. १७ मार्च १८९८ रोजी मार्गारेट व तिच्याबरोबरच्या दोन पाश्चात्त्य स्त्रिया श्रीरामकृष्ण परमहंसांच्या धर्मपत्नी श्रीशारदादेवी यांच्या दर्शनास गेल्या. शारदादेवी खेड्यातून आलेल्या, सनातनी ब्राह्मण कुळातील विधवा. अक्षरओळख जुजबी, इंग्रजीचा गंध नाही, घरात पडदा. परदेशी स्त्रीची सावलीही पडू नये असा तो काळ. स्वामी विवेकानंदांनाही मनातून धाकधूक होती. परंतु शारदादेवींनी त्या तिघींना आपल्या लेकी म्हणून जवळ घेतले, इतकेच नव्हे तर त्यांच्या समवेत फराळही केला. कलकत्त्यातील सनातनी मंडळींना हे ऐकून केवढा धक्का बसला असेल याची आज कल्पना करणेही कठीण आहे. वरकरणी ही गोष्ट लहान, एका ताटाची. पण मार्गारेट नोबल भारताची झाली ती त्या दिवशी, असे आमचे मत आहे. बाहेरून येणाऱ्याने कितीही वाकले तरी आतून कोणी तरी दार उघडावे लागते. ते दार एका वृद्धत्वाकडे झुकणाऱ्या, अल्पशिक्षित गृहिणीने उघडले. कोणा पंडिताने किंवा सुधारकाने नव्हे.

त्यानंतर आठच दिवसांनी, २५ मार्च रोजी, स्वामींनी मार्गारेटला ब्रह्मचर्यव्रताची दीक्षा दिली व निवेदिता हे नाव ठेवले. निवेदिता म्हणजे अर्पण केलेली. परंतु नाव बदलल्याने माणूस बदलत नाही. दीक्षा घेतल्यानंतरही ब्रिटिश राज्य हे भारताचे हित करण्यासाठी आहे आणि इंग्लंडचा ध्वज तो आपला ध्वज, अशीच निवेदितांची भावना होती. ती पाहून गुरूंनाही नवल वाटले. उन्हाळ्यात अल्मोडा व काश्मीर या भागांत गुरूंबरोबर प्रवास चालू असता स्वामींनी त्यांच्या प्रत्येक गृहीत समजुतीवर कठोर आघात केले. दोघांत वाद झाले, कडवटपणा आला, निवेदितांना मनस्ताप झाला. परंतु त्या पळून गेल्या नाहीत. पुढे त्या अमरनाथच्या यात्रेस स्वामींबरोबर गेल्या व त्या प्रवासात त्यांची दृष्टी हळूहळू पालटली. ज्या देशाची सेवा करावयाची, त्या देशाकडे प्रथम विद्यार्थी म्हणून पाहावे लागते, हा धडा या शिक्षिकेने येथे घेतला. आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे त्यांच्या मोठेपणाचे बीज येथेच आहे.

१३ नोव्हेंबर १८९८ या कालीपूजेच्या दिवशी उत्तर कलकत्त्यातील बागबाजार भागात, १६ बोसपाडा लेन या घरात, निवेदितांची कन्याशाळा सुरू झाली. शारदादेवींच्या हस्ते पूजा झाली व त्यांनी शाळेस आशीर्वाद दिला. मुली मिळविण्यासाठी आधी वस्तीतील गृहस्थांची एक सभा भरविली होती. निवेदिता तळमळीने बोलल्या, पण गृहस्थ गप्प. तेव्हा सभेत मागे येऊन बसलेले विवेकानंद ओळखीच्या मंडळींना कोपराने ढोसून उठा, आपली मुलगी द्या म्हणून सुचवू लागले आणि शेवटी एका मित्राच्या वतीने त्यांनीच परस्पर संमती देऊन टाकली, अशी गमतीची हकीकत सांगतात. आज आपल्याला हसू येते. परंतु मुलगी शाळेत घालणे हे त्या काळी किती अवघड होते ते त्यावरून कळते. आपल्याकडेही फार निराळी स्थिती नव्हती. पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्यावर शेणगोळे पडले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. बंगालची ही शाळा व महाराष्ट्रातील त्या शाळा एकाच जातीच्या धडपडीची फळे आहेत.

शाळा बाळसे धरते न धरते तोच मार्च १८९९ मध्ये कलकत्त्यात प्लेगने डोके वर काढले. रामकृष्ण मिशनच्या सेवाकार्याची जबाबदारी निवेदितांनी घेतली. भंगी मिळेनात तेव्हा त्या स्वतः झाडू घेऊन गल्लीत उतरल्या. ते पाहून वस्तीतील तरुण लाजले व मदतीस आले. डॉक्टर राधागोविंद कर एका दरिद्री वस्तीतील रोगी मुलास तपासून गेले होते. दुसऱ्या खेपेस ते आले तेव्हा त्या ओलसर झोपडीत ते मूल निवेदितांच्या मांडीवर होते. धोका सांगूनही त्या उठल्या नाहीत. घर स्वच्छ व्हावे म्हणून भिंतींना चुनाही त्यांनीच लावला. मूल वाचले नाही. मरतेवेळी ते त्यांनाच आई समजून बिलगले होते. वर्षभरापूर्वी ज्यांना वस्ती म्लेंच्छ समजत होती, त्यांच्या मांडीवर वस्तीचे मूल विसावले. व्याख्यानांनी जे साधले नसते ते या सेवेने साधले.

पैशाअभावी शाळा थांबवावी लागली. मदत मिळविण्यासाठी निवेदिता जून १८९९ मध्ये गुरूंसह पश्चिमेकडे गेल्या आणि १९०२ च्या आरंभी परतल्या. परंतु पुढच्याच आघाताने त्यांचे जग हादरले. ४ जुलै १९०२ रोजी स्वामी विवेकानंद समाधिस्थ झाले. तोवर भारताचे दास्य त्यांना स्वतःच्या दास्यासारखे बोचू लागले होते. संन्याशांच्या संघाला राजकारणापासून दूर राहणे प्राप्त होते, म्हणून आपल्यामुळे मठावर संकट येऊ नये या विचाराने निवेदितांनी त्याच महिन्यात संघाशी असलेले औपचारिक नाते जाहीरपणे सोडले. नाते सुटले पण ममत्व सुटले नाही; गुरूंचे नाव त्या आपल्या नावापुढे लावीत राहिल्या व मठातील संन्यासीही त्यांना आपलीच मानीत राहिले.

त्याच वर्षीच्या शरदात त्यांनी आपल्या भागाचा दौरा केला. मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती या गावी त्यांची व्याख्याने झाली, नंतर त्या बडोद्यास गेल्या व तेथे अरविंद घोष यांची भेट झाली. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आणखीही आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा निकट स्नेह होता, आणि १९०५ सालच्या काशीच्या काँग्रेसला, जिचे अध्यक्ष गोखलेच होते, त्या उपस्थित होत्या. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी लेडी हेरिंगहॅम यांच्या मदतीला नंदलाल बोस व त्यांचे सहकारी १९०९-१० च्या हिवाळ्यात गेले, तेही निवेदितांच्या आग्रहाने. भारतीय चित्रकाराने आपली मुळे भारतातच शोधावीत, असा त्यांचा ध्यास होता.

शाळा मात्र त्यांच्या सर्व उद्योगांच्या केंद्रस्थानी राहिली. अमेरिकेतून आलेल्या भगिनी ख्रिस्टीन यांच्या साह्याने १९०३ पासून प्रौढ गृहिणी व विधवा यांच्यासाठी निराळा वर्ग निघाला. मुलींना मातीकाम, चित्रकला, शिवणकाम, मातृभाषा व गणित शिकविले जाई. निवेदिता त्यांना पदार्थसंग्रहालय दाखवावयास नेत, दक्षिणेश्वरी नेत. वर्गात एकदा त्यांनी भारताची राणी कोण असे विचारले. मुलींनी व्हिक्टोरिया राणीचे नाव घेतले. निवेदितांना अतिशय वाईट वाटले व भारताची राणी सीता हे त्यांनी मुलींना पटवून दिले. सरकारी रोषाची पर्वा न करता वंदे मातरम् हे गीत शाळेत गायिले जाई आणि चरखाही शाळेत आला. रवींद्रनाथ ठाकूर यांनी आपल्या कन्येस इंग्रजी पद्धतीचे शिक्षण देण्याची विनंती केली तेव्हा निवेदितांनी ती मानली नाही. परकी गोष्ट बाहेरून लादणे हे शिक्षण नव्हे, मुलाच्या अंगी जे आहे ते फुलविणे हे शिक्षण, असे त्यांचे मत होते. स्वतः इंग्रजी जिची मातृभाषा, तिने हे म्हणावे याचे मोल आपण ओळखले पाहिजे.

शेजारी एक बालविधवा राहत असे. एकादशीस तिला कडक उपास. त्या दिवशी निवेदिता तिला बोलावून स्वतः फराळाचे देत. एके एकादशीस त्या जगदीशचंद्र बसू यांच्या घरी गेल्या होत्या व मुलीची आठवण राहिली नाही. परत आल्यावर ध्यानात येताच त्यांना चैन पडेना. लगेच त्या मुलीला बोलावून आणले, तिला खाऊ घातले आणि आपण जेवून आलो व मूल उपाशी राहिले याचा खेद करीत बसल्या. अशीच दुसरी हकीकत श्रीरामकृष्णांच्या भक्त अघोरमणिदेवी यांची. गोपालाची आई या नावाने त्या ओळखल्या जात. बालपणी वैधव्य आलेल्या या वृद्धेने सारा जन्म कडक सोवळ्यात घालविला. परंतु शेवटची सुमारे अडीच वर्षे ती निवेदितांच्या घरी राहिली. तिच्या आचारविचारांना धक्का लागू नये म्हणून निवेदितांनी तिच्या स्वयंपाकाची व्यवस्था ब्राह्मण स्त्रीकडे दिली व तिची सेवा आईप्रमाणे केली. १९०६ च्या जुलैत गंगातीरी तिचे निधन झाले तेव्हा निवेदिता तिच्याजवळ होत्या. एकीने सोवळे सोडले नाही, दुसरीने त्याचा उपहास केला नाही. आणि तरीही दोघी एका छपराखाली नांदल्या.

हा संसार चालवावयास पैसा कोठून येई? परदेशातील स्नेह्यांची, विशेषतः श्रीमती सारा बुल यांची मदत होती. बाकीचे निवेदितांची लेखणी मिळवी. कमी उंचीच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या त्या घरात त्या तासन् तास लिहीत बसत. १९०० साली जगन्माता कालीवरील पुस्तक, १९०४ साली भारतीय जीवनाचे चित्रण करणारा मोठा ग्रंथ, १९०७ साली पुराणांतील बालकथा, १९१० साली गुरूंचे चरित्रात्मक स्मरण, अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. आपल्या कुटुंबातील सासू, सून, विधवा, व्रते, तुळशीवृंदावन यांत त्यांनी जे सौंदर्य पाहिले ते इंग्रज वाचकाला प्रथमच कळले. शिवाय जगदीशचंद्र बसूंच्या १९०२, १९०६ व १९०७ साली निघालेल्या शास्त्रीय ग्रंथांच्या लेखन-संस्करणात त्यांनी अपार श्रम घेतले. पारतंत्र्यातील शास्त्रज्ञाची उपेक्षा होते हे त्यांना सहन होत नसे. तामिळ कवी सुब्रह्मण्य भारती यांनी त्यांना गुरू मानले. पत्नीला बरोबर का आणले नाही, असे त्यांनी भारतींना विचारले व स्त्रीला मागे ठेवून देश पुढे जात नाही ही जाणीव त्यांच्या मनात रुजविली. भारतींनी आपले काव्यग्रंथ त्यांच्या नावे अर्पण केले.

त्यांच्या निर्भयतेची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी सत्याचा आदर्श पश्चिमेचा असून पूर्वेकडे कपटाला मान आहे, अशा आशयाचे भाषण केले. सभागृहातील विद्वान मुकाट राहिले. निवेदितांनी ग्रंथालय गाठले आणि कर्झन यांच्याच प्रवासग्रंथातून कोरियातील एक हकीकत शोधून काढली. वयाला मान मिळतो म्हणून तेथील अधिकाऱ्याला आपण ३३ चे असता ४० वर्षांचे असल्याचे सांगितले, असे कर्झनसाहेबांनीच त्यात नमूद केले होते. वृत्तपत्रात दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून आले आणि सारा देश हसला. शिक्षिकेने चुकार विद्यार्थ्याची वही त्याच्याच पुढे धरावी, तसा हा प्रकार.

मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे बरे नव्हे. निवेदितांचा स्वभाव तापट होता व त्यांच्याबरोबर काम करणे नेहमी सोपे नसे. भारतावरील प्रेमाच्या भरात येथील काही रूढींचे त्यांनी जास्तच गोड चित्र रंगविले, हा आक्षेपही निराधार नाही. आगरकरांच्या लेखणीवर वाढलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला बालविवाह किंवा वैधव्य यांविषयीची त्यांची सौम्य भाषा पटणार नाही. परंतु एक भेद विसरू नये. घरातील माणसाने घराचे दोष दाखवावेत हे त्याचे कर्तव्य. बाहेरून आलेल्या व राज्यकर्त्यांच्या वंशातील व्यक्तीने दोषांची यादी वाचणे त्या काळी सोपे होते, गुण शोधणे कठीण होते. निवेदितांनी कठीण मार्ग पत्करला. आणि एकादशीच्या दिवशी त्या बालविधवेच्या तोंडात घास घालणारा हातही त्यांचाच होता.

१९०५ साली त्या मरणान्तिक आजारातून उठल्या. १९०६ साली पूर्व बंगालात पूर व दुष्काळ आला तेव्हा पाण्यातून, चिखलातून गावोगाव हिंडून त्यांनी पीडितांची स्थिती पाहिली व लिहिली. तेथून परत येताना हिवतापाने शरीर पोखरले. १९०७ ते १९०९ त्या पश्चिमेत होत्या. त्या मुक्कामात आईचे निधन झाले. १९११ च्या जानेवारीत सारा बुल यांनी अमेरिकेत देह ठेवला, तेव्हा निवेदिता त्यांच्या शुश्रूषेत होत्या. एकेक आधार गळत होता. तरी त्या भारतातच परतल्या.

१९११ च्या पूजेच्या सुट्टीत बसू दांपत्याबरोबर त्या दार्जिलिंगला गेल्या. तेथे अतिसाराने घेरले. डॉक्टर नीलरतन सरकार यांनी शर्थ केली, पण उतार पडेना. शेवट जवळ आल्याचे ओळखून ७ ऑक्टोबर रोजी त्यांनी मृत्युपत्र केले. जवळ असलेली सारी शिल्लक व आपल्या ग्रंथांचे सर्व हक्क बेलूर मठाच्या विश्वस्तांकडे, भारतीय स्त्रियांच्या राष्ट्रीय शिक्षणासाठी त्यांनी दिले. १३ ऑक्टोबर १९११ रोजी सकाळी त्यांनी देह ठेवला. ४४ वा वाढदिवस १५ दिवसांवर होता. पर्वतातील त्या नगरीत मोठी अंत्ययात्रा निघाली व हिंदू विधीप्रमाणे अग्निसंस्कार झाला. जन्मगावापासून दूर, सख्खे कोणी जवळ नसता, मृत्यू आला. परंतु निराधार मृत्यू आला नाही. दार्जिलिंगच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांनी भारताला आपले सर्वस्व दिले, अशा आशयाची नोंद तिच्यावर आहे.

बसूंनी १९१७ साली कलकत्त्यात विज्ञानमंदिर उभारले, तेव्हा त्याच्या प्रवेशाशी हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे शिल्प बसविले. ते निवेदितांचे स्मारक. रवींद्रनाथांनी त्यांना लोकमाता म्हटले. भारत सरकारने १९६८ साली त्यांचे टपालतिकीट काढले. पण सर्वांत मोठे स्मारक म्हणजे त्यांची शाळा. ज्या शाळेसाठी मुली मागत दारोदार फिरावे लागले, ती रामकृष्ण शारदा मिशनच्या छत्राखाली आजही चालू आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे चरित्र कशासाठी? आज आपल्या कित्येक घरांतील मुलगे-मुली परदेशी स्थायिक झाली आहेत. तेथील शेजाऱ्यांनी त्यांना आपले म्हणावे, परके लेखू नये, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. त्याच वेळी आपल्या घरांत परज्ञातीतील, परप्रांतातील, क्वचित परदेशातीलही सुना व जावई येऊ लागले आहेत. त्यांचे स्वागत आपण मनापासून करतो काय? हळदीकुंकवाच्या बैठकीत, कुळाचाराच्या दिवशी, मंडळाच्या पंगतीत त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारावे. ज्ञातीचा अभिमान आम्हालाही आहे. ज्ञातिमंडळ म्हणजे आपल्यांनी आपल्यांना हात देण्याचे साधन. ते मोडावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घराला भिंती असतात तसे दारही असते. दार नसलेल्या घराला आपण घर म्हणत नाही.

शारदादेवींनी सोवळे टाकले नाही, धर्म सोडला नाही. एक पान जवळ मांडले. त्या एका पानाचे उतराई निवेदितांनी १३ वर्षे केले. परक्या मुलीला जवळ घेतल्याने शारदादेवींचे काही उणे झाले नाही, बागबाजारच्या मुलींना मात्र शाळा मिळाली. आपल्या वडीलधाऱ्या भगिनींनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे, आणि नव्याने घरात आलेल्या मुलींनीही निवेदितांप्रमाणे या घराकडे प्रथम विद्यार्थिनीच्या दृष्टीने पाहावे. दोन्ही बाजूंनी पाऊल पडल्याशिवाय परकेपण जात नाही.

आमची आणखी एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या वतीने दरवर्षी ज्ञातीतील गुणवंत मुलांस शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांत निदान एक शिष्यवृत्ती अशी असावी की जी देताना ज्ञात विचारली जाऊ नये. आपापल्या गावातील गरजू मुलीस ती मिळावी. १३ ऑक्टोबर हा निवेदितांचा पुण्यदिन त्या कार्यास योग्य ठरेल. आजीव सभासदांनी व विश्वस्त मंडळींनी या सूचनेचा विचार करावा, अशी प्रार्थना करून आम्ही हे पुण्यस्मरण येथे पुरे करतो.